कापडाआडचं बोट

रक्त कुणाचं आहे हे मला कळलं नाही, म्हणून मी आधी वकिलांकडे पाहिलं. ते आरशासमोर हात किंचित लांब धरून उभे होते, अंगात कच्च्या शिलाईचा, सायीच्या रंगाचा कोट. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते आणि त्या दिवशी त्यांना हाच कोट घालायचा होता. डाव्या कुशीत कोट थोडा सैल होता, तिथे मी टाचण्या लावत होतो. तेवढ्यात ते आरशातूनच म्हणाले, “मास्तर, हे लाल काय?” कोटावर रुपयाएवढा डाग होता आणि तो बघता बघता मोठा होत होता. मी घाईने कोटाची पुढची बाजू उघडली, त्यांच्या शर्टाकडे पाहिलं. शर्ट स्वच्छ होता. “तुम्हाला टोचलं का?” मी विचारलं. “नाही,” ते म्हणाले, “मला काही लागलं नाही.” मग मी माझा डावा हात मागे घेतला, तर हाताबरोबर कोटही ओढला गेला. टाचणी कापडातून माझ्या तर्जनीत घुसली होती आणि बोटाच्या कातडीतून निघून पुन्हा कापडात गेली होती. मी स्वतःलाच त्या कोटावर टाचून घेतलं होतं.

आमच्या कामात एक रीत आहे. गिऱ्हाइकाच्या अंगावर टाचणी लावताना एक बोट कापडाच्या आत, कापड आणि अंग यांच्यामध्ये सरकवायचं. टाचणी आत आली की आधी त्या बोटाला लागते, बोट तिला परत बाहेर वळवतं आणि गिऱ्हाइकाला कधी काही कळत नाही. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते थोरले मास्तर पहिलं वर्षभर मला फक्त हेच करायला लावत. परक्याच्या घरातल्या काचेच्या भांड्याला हात लावावा तसा गिऱ्हाइकाच्या अंगाला हात लावायचा, असं म्हणत. त्या वर्षात माझ्या तर्जनीची चाळण झाली, पण पुढच्या छत्तीस वर्षांत माझ्या हातून कुणाला टाचणी लागली नाही, आणि आजही लागली नव्हती. बोटाने आपलं काम केलं होतं, फक्त मला सांगितलं नव्हतं. वकिलांनी टाचणीकडे पाहिलं, मग माझ्या चेहऱ्याकडे. “दुखत नाही तुम्हाला?” असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांच्या आवाजात काळजीपेक्षा भीती जास्त होती. “सवय आहे,” मी म्हणालो आणि टाचणी उपसली. उपसतानाही काही कळलं नाही, हे मी बोललो नाही.

मालक रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कोट स्वतः उचलला, डागावर गार पाणी धरायला आत पाठवला आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, “मास्तर, उद्यापासून ट्रायल दुसरं कुणीतरी घेईल. तुम्ही नुसतं कापत जा. कैची चालते ना नीट?” कैची चालते. कैची डोळ्यांनी चालवता येते. मी होकारार्थी मान हलवली. “आज लवकर निघा,” ते म्हणाले. “तसाही तुमचा गुरुवार आहे.” माझा गुरुवार दुकानात सगळ्यांना माहीत आहे. गुरुवारी पाच वाजता मी कुठे जातो हेही माहीत असावं, पण त्याला सगळे ‘मास्तरांचा व्यायाम’ म्हणतात आणि मी ते दुरुस्त करत नाही.

रस्त्याने चालताना मी खाली बघत चालतो. लोकांना वाटतं माणूस खचला आहे, किंवा काही शोधतो आहे. खरं म्हणजे पायालाही तेच झालंय, जमीन आली की नाही हे मला डोळ्यांनी बघावं लागतं. आतड्याचा कॅन्सर होता, तो काढला, मग सहा महिने सलाइनमधून औषध दिलं. त्या औषधाने कॅन्सर गेला, निदान गेल्या चौदा महिन्यांत परत आलेला नाही, पण जाताना ते बोटं घेऊन गेलं. सुरुवातीला उलट होतं. तेव्हा बोटांना सगळं नको इतकं कळायचं. गार कैचीला हात लावला की वीज लागल्यासारखा हात मागे यायचा, फ्रिजमधली पाण्याची बाटली धरायला हातमोजा लागायचा. बायकोने माझ्यासाठी घरातल्या सगळ्या दारांच्या कड्यांना कापडाच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या. शिवणकाम मला येतं, तिला नाही, त्यामुळे पट्ट्या अगदी गबाळ्या होत्या, पण मी त्यांना हात लावला नाही. मग हळूहळू वीज बंद झाली, आणि मला वाटलं सुटलो. तिच्याबरोबर बाकीचं सगळंही बंद झालं आहे, हे कळायला तीन आठवडे लागले. डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, काहींचं परत येतं, काहींचं येत नाही, वाट बघा. घरी येऊन मी बायकोला सांगितलं, परत येतं म्हणाले. अर्धंच सांगितलं. त्या अर्ध्यावर तिने तेल गरम करायला सुरुवात केली.

आठ महिने झाले त्याला. बायको टपाल खात्यात आहे, दिवसभर पत्रं वेगळी करते, तिची बोटं पत्त्यांच्या खेळात पानं वाटावीत तशी चालतात. चारला सुटते, घरी येते, स्वयंपाक उरकते आणि दिवे लावले की लहान वाटीत कोमट तेल घेऊन माझ्यासमोर बसते. एकेक बोट घेते, मुळापासून टोकापर्यंत चोळते, मग तळवा, मग दुसरा हात. पंधरा मिनिटं. पहिल्या दिवशी तिने विचारलं, “बरं वाटतंय का?” तिच्या कपाळावर घाम होता, केसांची एक बट गालावर आली होती, आणि हात तेलाचे असल्यामुळे तिला ती मागे सारता येत नव्हती. मी म्हणालो, बरं वाटतंय. त्यानंतर ते वाक्य रोजचंच झालं. मी डोळे मिटून बसतो, कारण उघडे ठेवले तर माझा हात कुणीतरी चोळतंय आणि तो माझा नाही, असं दिसत राहतं. डोळे मिटले की निदान ते दिसत नाही. ती मध्येच थांबली तर मला ते कळत नाही, म्हणून मी अंदाजाने अधूनमधून म्हणत राहतो, बरं वाटतंय. एवढी वर्षं गिऱ्हाइकांना आरशासमोर उभं करून ‘अगदी बरोबर बसलाय’ म्हणणाऱ्या माणसाला हे अवघड नव्हतं.

खोटं बोलणं हा शब्द आमच्याकडे कुणी वापरत नाही, पण माझा अर्धा धंदा त्यावरच उभा आहे. माझ्याकडे मापांची वही आहे. तिच्यात आकड्यांच्या खाली बारीक खुणा असतात, त्या फक्त मला कळतात. एक खांदा उतरलेला असेल तर छोटी तिरपी रेघ, पाठीला पोक असेल तर वाकडा कंस, एक पाय आखूड असेल तर टिंब. माप घेताना हाताला जे कळतं ते मी तोंडाने कधी बोलत नाही. खूण करतो आणि मग कापडाआड भर घालतो. या वकिलांचा उजवा खांदा अर्धा इंच खाली आहे. वीस वर्षं ते आरशात आपले सरळ खांदे बघत आले आहेत, आणि त्यातला अर्धा इंच माझा आहे. त्यांच्या बायकोला माहीत असेल कदाचित. मला कधी यात काही वावगं वाटलं नाही. माणसाला आपलं अंग जसं आहे तसं दाखवायचं कशाला? दुकानात तो त्यासाठी येतच नाही. पण आज, कोटात अडकलेल्या बोटानंतर, चालता चालता मला वाटलं की माझ्या बायकोच्या बाबतीत मी नेमकं हेच केलंय. तिच्यासमोर रोज संध्याकाळी भर घातलेला एक हात ठेवतो, आणि ती त्याला तेल लावते.

गुरुवारची खोली फिजिओथेरपीच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. रबराच्या चटयांचा वास, भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या, आणि कोपऱ्यात शिकवण्यासाठी ठेवलेला हाडांचा सापळा. आमच्यातले एक बसचे ड्रायव्हर आहेत, ते आल्या आल्या आपली टोपी त्याच्या डोक्यावर ठेवतात आणि म्हणतात, “बस राजा.” एकदा ठेवायची विसरले तर आमच्यातल्या, शाळेत शिकवणाऱ्या गणिताच्या बाईंनी आठवण करून दिली. आम्ही तिघं नियमित, बाकीचे येतात-जातात. ड्रायव्हरांचं मूत्राशय काढलंय, गणिताच्या बाईंचा डावा स्तन. ही माहिती पहिल्याच दिवशी नावांच्या आधी एकमेकांना झाली. जिच्यामुळे आम्ही जमतो तिला आम्ही मॅडम म्हणतो. ती मानसोपचाराची आहे, पण गोळ्या देत नाही आणि बालपणाबद्दल फारसं विचारत नाही. ती अंगाबद्दल विचारते. “वर्षभर तुमचं अंग दुसऱ्यांच्या ताब्यात होतं,” ती पहिल्यांदा म्हणाली होती. “त्यांनी ते तपासलं, कापलं, शिवलं, त्यात औषध भरलं. ते बरोबरच होतं. पण आता ते परत ताब्यात घ्यायला तुम्ही कुणीच गेलेला नाहीत.” मला तेव्हा हसू आलं होतं. धुवायला टाकलेला कपडा पावती दाखवून घेऊन यायचा, तसं वाटलं. पण काम साधं होतं. खुर्चीत बसायचं, तळपाय जमिनीवर, डोळे मिटून एकेका जागेवर लक्ष न्यायचं आणि तिथे काय आहे ते सांगायचं. विचार नाही, जे जाणवतं ते. गणिताच्या बाई श्वास मोजायच्या, त्यांना मॅडमने मोजायला बंदी केली होती, तरी त्यांचे ओठ हलताना दिसत. पहिल्या गुरुवारी मॅडमने हातांबद्दल विचारलं. माझ्या आधी ड्रायव्हर म्हणाले, ऊब आहे. माझी पाळी आली, मी म्हणालो, ऊब. मॅडमने मान हलवली. त्यानंतर सात महिने मी दर गुरुवारी ऊब सांगत आलो. शेवटी गणिताच्या बाई मला चिडवायला लागल्या, “मास्तरांच्या हातावर दूध ठेवलं तर तापेल.”

आज मॅडमने माझ्या बोटावरची पट्टी पाहिली. “काय झालं?” “टाचणी.” “खोल?” “आरपार.” ड्रायव्हरांनी तोंडाने ‘स्स’ केलं. “दुखत असेल,” मॅडम म्हणाली, आणि मी लगेच म्हणालो, “हो.” इतकं पटकन की मला स्वतःचीच शिसारी आली. “मग आज जिथे दुखतंय तिथेच थांबू,” ती सगळ्यांना म्हणाली. “दुखणं घालवायचं नाही. नुसतं त्याच्या शेजारी बसायचं. मास्तर, आज तुम्हाला सोपं आहे.” आम्ही डोळे मिटले. मी माझं बोट शोधायला निघालो. आधी हात शोधावा लागला. हात मांडीवर आहेत हे मला माहीत होतं, कारण डोळे मिटायच्या आधी मी ते तिथे ठेवताना पाहिलं होतं. मांडीला काहीतरी ठेवल्याचं कळत होतं. पण हाताला मांडी कळत नव्हती. खांद्यापासून सुरुवात केली, दंड होता, कोपर होतं, पुढे जात राहिलो आणि कुठेतरी, नेमकं कुठे ते सांगता येत नव्हतं, मी एकटाच पडलो. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी समजून पाय टाकावा आणि खाली काहीच नसावं, तसं झालं. मला खूप भीती वाटली. दवाखान्यात ‘कॅन्सर आहे’ म्हणून सांगितलं तेव्हाही इतकी वाटली नव्हती, कारण तेव्हा बायकोचा हात माझ्या हातात होता आणि तो मला कळत होता.

मॅडमने एकेकाला बोलायला सांगितलं. ड्रायव्हर म्हणाले, ओटीपोटात टाके ओढतात, बसला ब्रेक मारल्यावर ओढायचे तसेच. गणिताच्या बाईंचे हलते ओठ थांबले. मग म्हणाल्या, “जिथे काही नाही तिथे खाज येते. रोज येते. मी खाजवायला हात नेते आणि तिथे सपाट असतं. मग मला लाज वाटते, वर्गात मुलांसमोर खोटं गणित सोडवल्यासारखी.” आणि त्या रडायला लागल्या, आवाज न करता, नाक ओढत. कुणी त्यांना गप्प केलं नाही. माझी पाळी आली तेव्हा ‘ठणकतंय’ हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. पण त्यांच्यानंतर तो निघेना. मी म्हणालो, “काही नाही.” मॅडम म्हणाली, “म्हणजे?” “म्हणजे काही कळत नाही. दुखत नाही. बोटं नाहीतच. पहिल्या दिवसापासून नव्हती. ऊब मी यांचं ऐकून सांगितली होती.” मी डोळे उघडले. ड्रायव्हर माझ्याकडे बघत होते. “मास्तर,” ते म्हणाले, “पहिल्या दिवशी मी घाबरून काहीतरी बोललो होतो. नंतर मात्र तुमचंच ऐकून ऊब सांगत आलो. म्हटलं शिंप्याचा हात आहे, त्याला कळत असणार.” गणिताच्या बाई रडता रडता हसल्या. मॅडमही हसली, पण तिने ते फार लांबू दिलं नाही. तिने खुर्ची माझ्याजवळ ओढली. “हे ‘काही नाही’ कुठपर्यंत आहे?” तिने विचारलं. मला प्रश्न समजला नाही. “तुम्ही मापाचे माणूस आहात,” ती म्हणाली. “कुठे सुरू होतं, कुठे संपतं?” मला सांगता आलं नाही. मी कधी बघितलं नव्हतं. छत्तीस वर्षं मी शहरभरच्या लोकांची मापं घेतली आणि स्वतःच्या अंगावर हे इतकं मोठं काहीतरी आहे त्याचं एक माप घेतलं नव्हतं. “घरी कुणाला माहीत आहे?” तिने विचारलं. मी नाही म्हणालो. “का?” मी म्हणालो, “ती रोज तेल लावते.”

घरी पोचलो तेव्हा वाटी तयार होती. बायकोने पट्टी बघितली, काय झालं विचारलं, मी सांगितलं, आणि ती म्हणाली, “मग आज डावा नको, नुसता उजवा करते.” ती समोर बसली आणि तिने माझा हात ओढून घेतला. मी या वेळी डोळे मिटले नाहीत. तिच्या बोटांना पत्रांच्या कडांनी कापल्याच्या बारीक रेघा होत्या, त्या मी इतक्या दिवसांत पाहिल्या नव्हत्या. तिने करंगळीपासून सुरुवात केली. मी म्हणालो, “थांब जरा.” ती थांबली. “मला हे कळत नाही,” मी म्हणालो. “तू चोळतेस ते. कधीच कळलं नाही. डॉक्टर नुसतं परत येईल म्हणाले नव्हते, येईल किंवा येणार नाही म्हणाले होते.” ती माझा हात तसाच धरून बसली. मग तिने तो खाली ठेवला, अगदी हळू, आणि मला दिसलं म्हणून कळलं की तिने सोडला. “आठ महिने,” ती म्हणाली. “मी रोज विचारत होते ना तुम्हाला?” “हो.” “आणि तुम्ही रोज हो म्हणत होता.” “तुला बरं वाटावं म्हणून,” मी म्हणालो, आणि तोंडातून बाहेर पडताक्षणी ते वाक्य मला किती पोकळ वाटलं.

ती पदराला हात पुसत उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. “तुमचा दुसरा रिपोर्ट यायचा होता,” ती म्हणाली, “त्याच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. तुम्ही असेच डोळे मिटून बसला होतात. मला राहवलं नाही. मी तुमचा तळवा धरला आणि त्यात तोंड लपवून रडले. आवाज न होऊ देता बराच वेळ रडले. वाटलं, तुम्ही डोक्यावर हात ठेवाल. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, बरं वाटतंय.” मला ती संध्याकाळ आठवेना. अशा सगळ्या संध्याकाळी मला एकसारख्याच आठवत होत्या. “मला वाटलं,” ती म्हणाली, “तुम्हाला कळलंय, पण त्यावर बोलायचं नाहीये. आपल्या रडण्याचा यांना त्रास होतो, असं समजले मी. म्हणून मग पुन्हा कधी रडले नाही तुमच्यासमोर.” एवढं ती अगदी सरळ आवाजात बोलली. तिने मला काही दोष दिला असता तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं. मला माझी, माझ्या धंद्याची, त्या वहीतल्या सगळ्या बारीक खुणांची मनापासून लाज वाटली.

मग मी म्हणालो, “आज मॅडमनी विचारलं, हे कुठपर्यंत आहे. मला सांगता आलं नाही.” ती माझ्या जवळ आली, माझ्या खिशातून खडू काढला, तो चपटा निळा खडू कायम माझ्या खिशात असतो, आणि समोर बसली. “बाही वर घ्या,” म्हणाली. “आता मिटा डोळे.” मी मिटले. “इथे?” तिने विचारलं. “नाही.” “इथे?” “नाही.” दिवसभर पत्रं वेगळी करणारी बाई, ती घाई करत नव्हती. “इथे?” मी वाट बघितली. “नाही.” “इथे?” मनगटाच्या हाडाच्या थोडं वर काहीतरी होतं, भिंतीपलीकडून कुणी बोलावं तसं. “आहे,” मी म्हणालो. तिथे तिने खडूचं टिंब केलं आणि मग हात वळवत वळवत चारी बाजूंनी विचारत गेली, आहे, नाही, नाही, आहे, आणि शेवटी टिंबं जोडली. मी डोळे उघडले तेव्हा माझ्या डाव्या हाताभोवती निळी रेघ होती, वेडीवाकडी, तिच्या कड्यांवरच्या पट्ट्यांसारखी. उजव्या हाताला तेलावर खडू उमटेना, म्हणून तिने तो आधी पुसला. उजवीकडची रेघ आणखी वर आली. तिने माझा टेप घेतला आणि मनगटाच्या हाडापासून मोजलं. “डावा पाऊण इंच,” ती म्हणाली, “उजवा पावणेदोन. लिहा.” मी वही घेतली. सगळ्या गिऱ्हाइकांची पानं होती, माझं नव्हतं. मागच्या कोऱ्या पानावर मी दोन आकडे लिहिले. खाली खूण करायला पेन्सिल सवयीने गेली. मी ती उचलली आणि तिथे शब्दांत लिहिलं, याच्या पुढे कळत नाही. तिने ते वाचलं.

“पुढच्या गुरुवारी परत बघू,” ती म्हणाली. “रेघ वर सरकली असेल तर?” मी विचारलं. “तर तिथून वर हात धरेन,” ती म्हणाली. तिने वाटी उचलून बाजूला ठेवली. निवलेल्या खोबरेलावर साय आल्यासारखा पातळ थर धरला होता. मग तिने माझी बाही आणखी दोन वळ्या वर केली, मला पुन्हा डोळे मिटायला सांगितलं आणि रेघेच्या बऱ्याच वर, कोपराच्या आतल्या बाजूला, आपला गाल टेकवला. खोलीत दुसरा कसला आवाज नव्हता. शेजाऱ्यांच्या घरात नळ चालू होता तेवढाच. थोड्या वेळाने तिने तसंच तोंड ठेवून विचारलं, “कळतंय?”

“ओलं आहे,” मी म्हणालो.